गोल कापलेली पानं

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी सकाळी मी आत्याच्या घराचं मागचं दार उघडलं आणि तिथून पुढचा मी वेगळा आहे. दाराच्या अलीकडे होतो तोवर कॉलेज अर्धवट सोडलेला, प्रेमात पडलेला, पण एकंदरीत बरा मुलगा होतो. पलीकडे पाय टाकला आणि चहा गाळायला लागेल एवढ्या वेळात मी एका माणसाचा जबडा फोडला. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनही त्याच दिवशी भिंतीवर आपटून संपला.

आत्याच्या परसात मी काय उभं केलं होतं ते तू पाहिलं आहेस. तेव्हा तू म्हणाली होतीस की याला बाग म्हणायचं असेल तर तुमच्या इस्पितळाच्या वॉर्डामागच्या उकिरड्याला राजवाडा म्हणावं लागेल. म्हण. पण तिथे जे होतं ते सगळं याच मातीतलं होतं. रुई, निर्गुडी, रानतुळस, कडेला बोरू. खत मागत नाही, औषध मागत नाही. बेडकांसाठी डबकं, भेकांसाठी, म्हणजे कोरड्यात राहणाऱ्या खरखरीत बेडकांसाठी, पाचोळ्याचा ढीग, आणि कुंपणालगत बोरूच्या वाळक्या काड्यांची रांग. ही रांग मी मुद्दाम कापत नव्हतो. त्या पोकळ काड्यांत एक प्रकारच्या मधमाश्या अंडी घालतात. पोळं नाही, राणी नाही, एकेकटीचा संसार. पानांचे गोल तुकडे कापून आणतात आणि त्यांच्या काडीत एकामागे एक खोल्या करतात. थोड्याच आठवड्यांत त्या खोल्या फुटून नव्या माश्या बाहेर येणार होत्या. ते बघायला मी कोणाला बोलावणार होतो, तेही तुला ठाऊक आहे.

बाबांनी कॉलेजचं बोलायला बोलावलं म्हणून मी चार दिवस तिकडे गेलो. तेच ते ऐकून, तेच ते बोलून परत आलो. दार उघडलं तर बाग नव्हती. सगळं जमिनीसरसं कापलेलं, यंत्राने, इस्त्री फिरवावी तसं. डबक्याजवळ सरड्याचे दोन तुकडे पडले होते. मधोमध राखेचं वर्तुळ. काठीने राख उकरली तर खाली भेक, भाजून चामड्यासारखे झालेले. आणि काड्यांची टोकं. एक टोक चिमटीत धरलं तर आतून काळी पूड सांडली. त्या माश्या होत्या, ताई.

आणि तेवढ्यात फाटकातून दातवाला आत आला. शेजारचा दातांचा डॉक्टर, ज्याची हिरवळ गालिच्यासारखी कातरलेली असते तो. माझ्या जंगलातून किडे येऊन त्याच्या गुलाबांच्या पानांना गोल भोकं पाडतात अशी त्याची वर्षभर कटकट होती. एक दिवस हे सगळं साफ करायला लावतो, असं तो आत्याला तोंडावर म्हणाला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कुंडी, आणि तोंडभर हसू. त्या हसण्यावरच माझा हात गेला.

कुंडी फुटली. तिच्यात काय होतं ते बघायला मी थांबलो नाही. तो पडला तसा मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. मग फावडं दिसलं, त्याच्या दांड्याने मारलं. जबड्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. आत्या माझी कॉलर ओढत होती आणि मला ते कळतही नव्हतं. शेवटी तिने धुण्याच्या पाण्याची बादली माझ्या डोक्यावर ओतली तेव्हा मी थांबलो. त्याचा एक दात माझ्या मुठीत रुतला होता. दुसराही सापडला, तो बसवलेला निघाला.

तो चष्मेवालीचा बाप आहे हे तुला वेगळं सांगायला नको. बाबांकडे जायच्या आधी मी तिला लग्नाचं विचारलं होतं. परत आलास की उत्तर देते, म्हणाली होती. आता ती खिडकीतही येत नाही. पण ती माझी बाग ओळखते. बापाने काय केलं हे कळल्यावर ती माझ्याच बाजूने उभी राहील. तिचं उत्तर तेवढं मिळू दे, मग बाकीच्या जगाचं मी बघून घेतो.

तू रागावशीलच. रागावून झालं की थोडा लोभ शिल्लक ठेव.

तुझा
भडक्या


१४ फेब्रुवारी

चि. भडक्यास,
अनेक उ. आ.

फोन फोडलास हे बरं झालं. पत्र लिहायला माणसाला निदान बसावं लागतं.

आधी हात दाखवून ये. माणसाच्या दाताची जखम कुत्र्याच्या चाव्यापेक्षा वाईट चिघळते. कोणत्याही डॉक्टरकडे जा, फक्त दातांच्या नको.

आता मी काय बघते ते सांगते. आमच्या अपघात विभागाबाहेर एक लांब बाक आहे. आत बाईचं मनगट मी बांधत असते, किंवा म्हाताऱ्याच्या कपाळाला टाके घालायला मदत करत असते, आणि ज्याने मारलं तो पुष्कळदा त्याच बाकावर बसलेला असतो. रडत असतो, पाणी मागतो, आत कसं आहे विचारतो. प्रत्येकाकडे कारण असतं. आणि भडक्या, खरं सांगू, ऐकलं तर प्रत्येकाचं कारण पटतं. म्हणून मी ऐकायचं सोडून दिलं आहे. तुझं पत्र वाचताना मला तो बाकच दिसत होता.

कॅरम हरलास की तू बोर्ड उलटवायचास, आणि आई सोंगट्या गोळा करता करता म्हणायची की लहान आहे. कॉलेजातून बाहेर पडलास तो प्राचार्यांच्या टेबलाची काच फोडून. तेव्हाही तुझं बरोबर होतं, मैदानातली झाडं त्यांनी खरंच विनाकारण तोडली होती. तुझं नेहमीच बरोबर असतं. म्हणून तर भीती वाटते.

एक साधी गोष्ट विचारते. फाटकाला आतून कुलूप असतं आणि किल्ली आत्याच्या कमरेला. मग दातवाला यंत्र घेऊन आत शिरला कसा? आणि ज्याने घाणेरडं काम केलं तो दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, हसत, हातात कुंडी घेऊन कशाला येईल? डोकं थंड असेल त्या दिवशी यावर विचार कर. असा दिवस येत नसेल तर बादली आत्याकडे आहेच.

पोलिसांत तक्रार झाली का ते कळव. आणि त्या मुलीच्या मागे लागू नकोस. तिच्या बापाचं तोंड मोडलं आहेस, तिला थोडा श्वास घेऊ दे.

माझा लोभ आहे, नेहमीसारखा, कान पिळून.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हाताला पट्टी आहे. तुझ्या उलटतपासणीचं उत्तर देतो. कुलूप शाबूत आहे, म्हणजे तो कुंपणावरून आला. हसत आला, कारण माझी जिरवली याचा त्याला आनंद होता. पोलीस आले नाहीत. तक्रारच नाही. जबडा तारेने बांधून घेऊन तो दोन आठवडे होत आले गप्प घरात बसला आहे, दवाखाना बंद. आता तूच सांग, ज्याच्या स्वतःच्याच बुडाखाली काही जळत नाही तो एवढा मार खाऊन गप्प बसेल का?

चष्मेवालीच्या दुकानासमोर मी दोनदा उभा राहिलो. ती आत कोणाचे तरी डोळे तपासत होती. मला पाहिलं आणि पडदा ओढला. बापाने तिला कोंडलं नसलं तरी तिच्या कानात विष ओतलं आहे. मग मीही ओतलं.

वाचून ओरडू नकोस. तणनाशकाचा डबा आणला. जे औषध मी कोणाला हातात धरू दिलं नाही, ज्यावरून नर्सरीतल्या माणसाशी मारामारीपर्यंत गेलो होतो, तेच. पहाटे कुंपणावर चढलो आणि त्याच्या हिरवळीवर ओतलं, झारीने, सावकाश, एक कोपरा न सोडता. पाण्यात कालवलंही नाही. दोन दिवसांत गालिचा पिवळा पडू लागला. मला जेवण गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या डबक्यावर बेडूक तरंगत होते, पोटं वर करून. बाग कापली तेव्हा तेवढं डबकंच वाचलं होतं. त्याच्या अंगणाचा उतार आपल्याकडे आहे, हे मला माहीत होतं. त्याचे पाण्याचे फवारे आपोआप सुरू होतात, तेही माहीत होतं. राग आला की मला जे माहीत असतं ते सगळं माझ्या उपयोगाचं राहत नाही. बेडकांची पिल्लं तर नुसती गाळासारखी तळाशी बसली होती. मी ती ओंजळीने काढली आणि खड्डा खणून पुरली.

तुला वाटेल आता हा शहाणा झाला. नाही झालो. हेही त्याच्यामुळेच झालं. त्याने सुरुवात केली नसती तर मी त्या डब्याला शिवलो असतो का? कोयत्याला धार लावली आहे. त्याचे गुलाब मी मुळापासून उडवणार, एकेक, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि तो मधे आला तर त्याच्यासाठी कोयता थांबेल असं वचन मी देत नाही. तिने बाप निवडायचा की मला, ते त्याच दिवशी ठरू दे.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही. तरी ठेव.

तुझा
भडक्या


२२ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करणार होते, पण घर केवढं ते तुला माहीत आहे. मी शिंकले तरी त्याला कळतं. म्हणून तो अंघोळीला गेला की चार ओळी लिहायच्या, असं करत हे पत्र झालं आहे. अक्षर समजून घे.

कोयता मी पिठाच्या डब्यात पुरला आहे. तो कालपासून घर उलथंपालथं करतोय. स्वयंपाकघरात तो शोधणार नाही, कारण तिथे त्याला फक्त ताट दिसतं.

थोरले, बाग दातवाल्याने कापली नाही. किल्ली मी दिली. चष्मेवालीला दिली.

हा तुझ्या बाबांकडे गेला त्याच दिवशी ती आली. चेहरा असा की काही सांगायची गरज नव्हती. बापाशी बोलली होती. बाप आधी आढेवेढे घेत होता, पण एकुलती एक पोर, शेवटी वितळला. म्हणाला, मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बोलतो, पण त्या जंगलातून मी जाणार नाही. सापांना भितो तो. पुढचं दार आमचं दुरुस्तीला काढलं होतं, हा यायच्या आदल्या दिवशीच बसलं, तोवर वाट मागूनच. तर हिने ठरवलं की हा यायच्या आत परस स्वच्छ करून ठेवायचं. यालाही आश्चर्याचा धक्का आणि बापालाही वाट मोकळी. हिरवं काही मरत नाही, मुळं राहिली की फुटेल, एवढं तिने कुठेतरी वाचलं होतं. ते खोटंही नाही. पण वाळलेलं म्हणजे मेलेलं, असं तिला वाटलं. मलाही वाटलं, मी का खोटं बोलू. आपण घर झाडतो तसं. भाड्याने यंत्रवाला आणला, स्वतः काडी काडी वेचून ढीग केला आणि पेटवला. चष्मा घामाने सारखा घसरत होता, मी मागून दोऱ्याने बांधून दिला. किती हसलो आम्ही दोघी.

काड्यांत त्याचं काय होतं ते त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि तिला तर मुद्दाम नाही. नुसतं म्हणायचा, तुमच्या गुलाबाची पानं कोण गोल कापतं ते एक दिवस दाखवीन.

आणि दातवाल्याच्या हातातली कुंडी. त्यात रुई होती. रस्त्याकडेची, त्याने स्वतः खणून आणलेली. जावयाला आवडतं ते न्यावं म्हणून. तो होकार घेऊन येत होता गं, फाटक त्याच्यासाठी मीच उघडं ठेवलं होतं.

मुलीने इस्पितळात बापाला सगळं सांगितलं आणि तक्रार करू नका म्हणून पाय धरले. मला म्हणाली, मी स्वतः सांगेन त्याला. मग एका पहाटे तिने खिडकीतून याला कुंपणावर चढून औषध ओतताना पाहिलं. तेव्हापासून तिच्याच्याने होत नाही. आणि माझ्याही तोंडातून शब्द फुटत नाही. तूच लिही. तुझं तो ऐकतो.

तुझ्यावरचा माझा जीव तसाच आहे, फक्त आता थकला आहे.

तुझी
आत्या


२६ फेब्रुवारी

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

हातात काही असेल तर खाली ठेव आणि बस.

बाग चष्मेवालीने कापली. किल्ली आत्याने दिली. तुला हो म्हणायचं होतं, बापाला तुमच्या दारापर्यंत आणायचं होतं, त्यासाठी तिने वाट मोकळी केली. बाप तुला होकार द्यायला येत होता. कुंडीत तुझ्यासाठी रुई होती. तक्रार तिने अडवली.

तुला आश्चर्य दाखवायचं होतं म्हणून तू काड्यांचं गुपित ठेवलंस. तिला आश्चर्य दाखवायचं होतं म्हणून तिने त्या जाळल्या. यात गुन्हेगार कोणी नव्हता. मग तू एक तयार केलास.

आत्याला एका शब्दाने बोललास तर मी रजा टाकून येईन आणि तुझी पाठ मऊ करीन. तुझ्याहून मोठे बाप्ये मी रोज पलंगाला बांधते.

तिकडे जा. माफी माग. आपलं कारण सांगू नकोस.

माझा लोभ तुला मागावा लागणार नाही, पण यापुढे तो डोळे उघडे ठेवून करीन.

ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खुर्चीत बसून वाचलं. कोयता आत्याकडे आहे, ती पोळ्या लाटताना मला तिच्या बांगडीवर पिठासोबत कोयत्याचा गंज दिसला आणि मी ओळखलं. मागितला नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती फक्त तुलाच. पत्र वाचून झाल्यावर मला आधी लाज वाटली नाही. आधी तिचा राग आला. काड्या आठवल्या, ती काळी पूड आठवली, आणि तिचा हसरा, घामेजलेला चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मी उठून दाराकडे निघालो. काय करणार होतो ते मला ठाऊक नाही. आत्या दारात उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, मुठींकडे बघत होती. मग मीही बघितलं. बराच वेळ आम्ही दोघं माझ्या मुठींकडे बघत उभे होतो.

रात्र गेली. लाज आली, उशिरा आली, पण मुक्कामाला आली. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

दार तिनेच उघडलं. बैठकीच्या खोलीत ते बसले होते. निम्मा चेहरा अजून जांभळा, जबडा तारेने बांधलेला, पुढ्यात पातळ काहीतरी आणि नळी. इतरांची तोंडं उघडून बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं तोंड मी बंद केलं आहे, हे मला समोर बसल्यावर कळलं. खिडकीत रिकाम्या डब्यात रुई होती. मी मोडलेली तीच. खोडाला काडीचा आधार देऊन बारीक तारेने बांधली होती. वर दोन नवी पानं आली होती, खालच्या पानाला सुरवंट लागला होता आणि तो कोणी उचलून टाकला नव्हता.

मी त्यांच्या पाया पडलो. तुझं ऐकलं, कारण सांगितलं नाही. तणनाशकही मीच टाकलं, असं म्हणालो. त्यांनी मान हलवली, म्हणजे माहीत होतं. मग तिने विचारलं की काड्यांत काय होतं. मी सांगितलं. पानं कोण कापतं, गोल तुकडे कुठे जातात, आत खोल्या कशा असतात, आणि कोणत्या महिन्यात मी तिला बोलावणार होतो. ती चष्मा काढून पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

आता इथेच तुझ्याकडून लोभ मागून ठेवतो, कारण पुढचं लिहिल्यावर मागवणार नाही. मी इथून निघतोय, आत्याचं तू बघ. मी परसात बी टाकलं आहे, मुळंही फुटू लागली आहेत, चष्मेवालीला वाटलं होतं तशी. बोरू वाळला तर कापू नकोस म्हणावं आत्याला. यातलं तिला सगळं सांग, मुठींचं सोडून, ते तिने पाहिलंच आहे.

तिने चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट बघत एवढंच विचारलं: त्या सकाळी तिने केलंय हे मला कळलं असतं, आणि बापाच्या जागी फाटकातून तीच आत आली असती, हसत, तर हात कोणावर उठला असता?

तुझ्यावर कधीच नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. ते वाक्य तयार होतं, मी ते वाटेत येतानाही घोकलं होतं. पण आत्याच्या दारातल्या मुठी आठवल्या आणि वाक्य घशातच राहिलं. मला वाटतं मी चिडलो, स्वतःवर, प्रश्नावर, देव जाणे कशावर, कारण ती माझ्या हाताकडे बघत होती. माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. तिचे बाबा उठले. त्यांना बोलता येत नाही. नळी खाली पडली, भिंतीचा आधार घेत ते आले आणि आम्हा दोघांच्या मधे उभे राहिले, पुन्हा मार खायच्या तयारीने.

तिला तिचं उत्तर मिळालं. मलाही माझं. मी खुर्ची जागेवर सरकवली, त्यांना वळसा घालून बाहेर गेलो, आणि जन्मात कुठलंच दार न आपटता लावलं नव्हतं, पण ते दार, कडी बसेपर्यंत दोन्ही हातांनी धरून, हळूच लावून घेतलं.